कार्टून बघणारा मुलगा स्वतःच्या मनाचं कधी काढेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेसात वर्षांचा, रोज दीड-दोन तास कार्टून बघतो. ॲनिमेशनमुळे मुलांची कल्पनाशक्ती वाढते असं तुम्ही वाचलं होतं, म्हणून तुम्ही फारसं अडवलं नाही. पण चित्र काढायला बसला की तो तीच पात्रं काढतो, खेळतानाही तेच संवाद म्हणतो आणि ‘तुझ्या मनाचं काहीतरी काढ’ म्हटलं की ‘मला येत नाही’ म्हणून उठून जातो. तेव्हा हे बंद करावं का, चालू ठेवायचं तर कोणते चित्रपट दाखवावेत आणि सुट्टीत ॲनिमेशनचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी स्टुडिओत इनबिटवीनिंग करायचे, म्हणजे मुख्य चित्रकाराने काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रं भरायची. आता नाशिकच्या आसपासच्या शाळांमध्ये मुलांसाठी कार्यशाळा घेते. तुम्ही वर्णन केलंत तसं मूल प्रत्येक वर्गात असतं, एक नाही, निम्मी तरी. त्यामुळे आधी सांगते, तुमच्या मुलात काही कमी नाही.

अडचण वेगळीच आहे. चित्रपट मुलापुढे येतो तो पूर्ण तयार होऊन. राक्षसाचा रंग ठरलेला, आवाज ठरलेला, तो कसा चालतो तेही ठरलेलं. मुलाला वाटतं, हे असंच असतं. आपण त्याला कोरा कागद देतो आणि तेवढंच सुंदर, तेवढंच पूर्ण काहीतरी ‘मनाने’ काढ म्हणतो. त्याच्या डोळ्यांसमोर शेकडो माणसांनी मिळून केलेलं काम असतं आणि हातात एक पेन्सिल. तो ‘येत नाही’ म्हणतो, ते खरंच सांगतो.

आता ॲनिमेशनची खरी ताकद कुठे आहे ते बघा. कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभं राहिलं तर धूळ, वारा, मागून जाणारं कुत्रं हे सगळं न मागता चित्रात येतं. ॲनिमेशनमध्ये न मागता काहीच येत नाही. झाडाचं एक पान हललं, तर ते हलावं असं कुणीतरी ठरवलेलं असतं. वारासुद्धा काढावा लागतो. पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट हा कुणाचा तरी निर्णय आहे, आणि तो निर्णय वेगळाही घेता आला असता. मुलाला हे एकदा दिसलं की त्याच्या मनात आपसूक येतं, ‘मग मी असतो तर?’ माझ्या अनुभवात सर्जनशील विचाराची सुरुवात या प्रश्नापासून होते. नुसतं बघून मूल तिथवर क्वचितच पोचतं. शेजारी कुणीतरी बोलणारं लागतं आणि नंतर हाताला काम लागतं. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे.

पुढे जाण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. पहिलं म्हणजे वय. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त पडदा नको, कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मर्यादा पाच ते दहा वर्षांसाठी दोन तासांच्या आत आहे, आणि त्यात टीव्ही, मोबाइल सगळं आलं. म्हणजे तुमचा मुलगा काठावर आहे. त्याला लहान भावंड असेल, तर मी खाली लिहिलेलं त्याला जसंच्या तसं लागू करू नका.

दुसरं म्हणजे वेग. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा 2011 मधला एक अभ्यास मी पालकसभेत नेहमी सांगते. चार वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट केले. एका गटाने नऊ मिनिटं फार वेगवान कार्टून बघितलं, ज्यात साधारण दर 11 सेकंदांनी दृश्य बदलत होतं. दुसऱ्याने संथ कार्यक्रम बघितला आणि तिसऱ्याने तेवढा वेळ चित्रं काढली. लगेच नंतर लक्ष देण्याच्या, स्वतःला आवरण्याच्या छोट्या चाचण्या घेतल्या, तर वेगवान कार्टूनवाला गट स्पष्ट मागे पडला. हा परिणाम त्या क्षणापुरता मोजलेला आहे, त्यावरून मूल कायमचं बिघडतं असं कुणी म्हणू नये. पण कार्टून संपल्या संपल्या आपण मुलाला ‘आता चित्र काढ’ म्हणतो आणि ते जमत नाही, त्याचं एक कारण इथे असू शकतं. मी तर दोन्हीच्या मध्ये अर्धा तास जाऊ देते. जेवण, अंघोळ, खाली खेळणं, काहीही चालेल.

तिसरी गोष्ट तुमचा वेळ. तुम्ही नोकरी करता असं लिहिलंय. रोज शेजारी बसणं शक्य नाही आणि गरजही नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी वीस मिनिटं मनापासून दिलीत तरी फरक पडतो. बाकीचे दिवस त्याला आवडतं ते बघू दे, वेळेची मर्यादा पाळून.

आता त्याच पात्रांच्या चित्रांबद्दल. तुम्हाला याचं वाईट वाटतंय, आणि मला मात्र ही चांगली बातमी वाटते. नक्कल करताना मूल फार बारकाईने बघत असतं. डोळे कानांच्या किती खाली, हात कुठून फुटतात, हे ते पाठ करत असतं. स्टुडिओत आम्हीही पहिले कित्येक महिने दुसऱ्याचीच पात्रं काढत होतो. गाण्याच्या शिक्षणात आधी गुरूचं गाणं गळ्यात उतरवतात, तसंच हे. तेव्हा ‘सारखं तेच काय काढतोस’ हे वाक्य घरातून पूर्ण काढून टाका. त्याऐवजी एकच गोष्ट बदलायला सांगा. एकच, जास्त नाही. तो काढतो ते पात्र आज आजोबा झालं तर? त्याला सर्दी झाली तर? ते आपल्या इमारतीच्या जिन्यात राहायला आलं तर कुठे झोपेल? ‘मनाचं काढ’ या सूचनेत मुलाला धरायला काही मिळत नाही. ‘याला सर्दी झालीय’ म्हटलं की मिळतं. नाक मोठं होतं, रुमाल येतो, मग रुमाल कुठे ठेवायचा म्हणून खिसा येतो. तीन-चार बदलांनंतर ते पात्र त्याचं स्वतःचं झालेलं असतं, आणि हे त्याला कुणी सांगावंही लागत नाही.

बघण्याबद्दल माझा नियम साधा आहे. पहिल्यांदा बघताना मध्ये थांबवून प्रश्न विचारायचे नाहीत. गोष्टीत बुडालेल्या मुलाला वर ओढून ‘सांग, आता काय होईल’ विचारणं म्हणजे त्याचा रसभंग. पण मुलं तोच चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात, आणि पालक त्याला कंटाळतात. या पुन्हा बघण्याचाच उपयोग करून घ्या. काय होणार हे माहीत असतं, त्यामुळे ‘कसं केलंय’ याकडे लक्ष द्यायला मन मोकळं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एखादा दोन मिनिटांचा तुकडा निवडा आणि तेवढ्यावरच बोला.

काय बोलायचं? ‘यातून काय शिकलास’ हे नको. तात्पर्य विचारलं की मूल शाळेतलं उत्तर देतं आणि सुटका करून घेतं. ‘आवडलं का’ याचंही उत्तर ‘हो’ एवढंच येतं. मी ठरवण्याबद्दल विचारते. हा राक्षस हिरवाच का केला असेल? तू कोणता केला असतास, आणि मग तो भीतिदायक वाटला असता का? आत्ता आपण तिच्याकडे वरून बघतोय की खालून? खालून दाखवलं असतं तर ती कशी दिसली असती? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: हा चालतो कसा, चालून दाखव. मुलं उठतात, खोलीभर चालतात, आणि चालता चालता त्यांच्या लक्षात येतं की म्हातारा आधी काठी पुढे टाकतो, मग पाय उचलतो. हत्तीचं वजन पायात असतं, उंदराला वजनच नसतं. ॲनिमेटरही आरशासमोर हेच करतात. तुमचं स्वतःचं उत्तरही सांगा, आणि ते मुलाच्या उत्तराहून वेगळं असू द्या. एका प्रश्नाची दोन उत्तरं घरात शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात, हे त्याने बघणं महत्त्वाचं आहे.

आणखी एक प्रयोग घरी फार छान होतो. तोच दोन मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून लावा आणि आवाज त्याला करू द्या. स्वयंपाकघर मोकळं सोडा. ताटात तांदूळ सोडले की पाऊस, प्लास्टिकची पिशवी चुरगाळली की शेकोटी, दोन वाट्या पालथ्या आपटल्या की घोडा. कोणता आवाज कुठे बसतो हे शोधताना मूल एका वस्तूकडे तिच्या रोजच्या कामापलीकडे बघायला लागतं. मोठ्या चित्रपटांतही हेच करतात. ‘फ्लो’ या लॅटव्हियाच्या चित्रपटात कॅपिबारा नावाचा मोठा, संथ प्राणी आहे. त्याचा खरा आवाज फार किनरा, तो त्या देहाला शोभेना, म्हणून उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला. ही गोष्ट सांगितली की मुलं लगेच विचारतात, मग आमच्या राक्षसाला मांजराचा आवाज दिला तर चालेल? चालेल की.

इथवरचं बोलण्याचं झालं. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला जास्त भरवसा आहे तो करण्यावर, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

त्याला एकदा स्वतःच्या हाताने एखादी निर्जीव वस्तू चालवून बघू द्या. यासाठी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या माणसाचीच गोष्ट मी मुलांना सांगते. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ करण्याआधी कुंडीतलं रोप उगवतानाचं थोडं थोडं चित्रण करत अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली होती. 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, ज्यात काड्याच हालचाल करतात. काडी जरा सरकवायची, एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, टिपायची, पुन्हा सरकवायची. घरातल्या आगपेटीतून चित्रपट निघू शकतो हे ऐकून मुलांचे डोळे जे चमकतात, ते पाहण्यासारखं असतं.

घरी करण्यासाठी एवढंच लागतं. एक स्टूल घ्या. मोबाइल त्याच्या कडेवर आडवा ठेवा, कॅमेऱ्याचा भाग कडेबाहेर आला पाहिजे, आणि मोबाइल हलू नये म्हणून वर जाडजूड पुस्तक. खाली फरशीवर रंगीत कागद चारी कोपऱ्यांना चिकटवा. पडदा ओढून घ्या आणि एकच दिवा ठेवा, नाहीतर ढग आला-गेला की चित्रपटात उजेड लुकलुकतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्के होतात, तेही करा. स्टॉप मोशनची, म्हणजे असे एकेक फोटो जोडून हालचाल दाखवणारी फुकट ॲप मिळतात, कोणतंही चालेल. पात्र म्हणून राजमा, शेंगदाणे, बटणं, शाडूचा गोळा, गूल मोडलेल्या आगकाड्या. माणूस किंवा प्राणी सुरुवातीला नको. चेहरा असला की मूल पुन्हा टीव्हीतल्यासारखा चेहरा करण्यात अडकतं. राजम्याला चेहरा नाही, म्हणून भावना दाखवायची तर ती चालीतूनच दाखवावी लागते.

चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम असतात, पण हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. ॲपमध्ये 12 लावा. पाच सेकंदांचा चित्रपट म्हणजे 60 फोटो. साडेसात वर्षांच्या मुलासाठी एका बैठकीला हे भरपूर आहे.

पहिल्या वेळी जवळपास प्रत्येक मूल राजमा दर फोटोला सारख्या अंतराने सरकवतं. चालवून बघितलं की तो दोरीने ओढल्यासारखा जातो. तुम्ही काही बोलू नका. मूलच म्हणतं, ‘हा जिवंत नाही वाटत.’ मग विचारा, तू पळायला लागतोस तेव्हा पहिलं पाऊल केवढं असतं? थोड्या वेळाने ते निघताना अंतर लहान, मध्ये मोठं, थांबताना पुन्हा लहान करतं. राजमा एकदम जिवंत होतो. आमच्या धंद्यात याला स्पेसिंग म्हणतात आणि शिकणाऱ्यांना त्यासाठी महिने घालवावे लागतात. मुलाला सगळं नाही कळत, पण मुद्दा कळतो: वस्तू तीच, फक्त अंतरं बदलली आणि तिचा स्वभाव बदलला. शाडूच्या चेंडूवर हे आणखी स्पष्ट दिसतं. टप्पा घेऊन तो जवळजवळ तेवढाच वर आला तर रबराचा, जेमतेम उठला तर दगडाचा, आणि खाली यायलाच वेळ लावला तर फुगा.

एका कार्यशाळेत तिसरीतल्या एका मुलीचा राजमा कागदाच्या कडेपर्यंत धावत गेला आणि थांबला. तिने त्याला न हलवता फोटो काढायला सुरुवात केली. एक, दोन, चार, आठ. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘अगं, हलव ना, फोटो फुकट चाललेत.’ ती म्हणाली, ‘थांब, तो विचार करतोय.’ नंतर राजमा अगदी थोडा मागे सरकला आणि उलटा पळत सुटला. चालवून दाखवलं तेव्हा सगळा वर्ग त्या थांबण्यावर हसला, कारण सगळ्यांना कळलं की तो घाबरला होता. काहीच न हलवता भीती दाखवता येते, हे त्या मुलीला कुणी शिकवलं नव्हतं. तिने टीव्हीवर तसली थांबणी कित्येकदा बघितली असणार. पण ती तिची झाली त्या दिवशी, त्या राजम्यावर. बघण्याचा उपयोग होतो म्हणतात तो असा होतो, पण हाताने करायला मिळालं तरच.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर क्रम असा: एक तुकडा पुन्हा बघा, त्यातल्या एखाद्या निर्णयाबद्दल बोला, थोडा वेळ जाऊ द्या, मग त्यातलीच एखादी गोष्ट हाताने करून बघू द्या. केलेलं कच्चं राहिलं तरी हरकत नाही. तुम्ही मात्र सुधारून देऊ नका आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याची घाई करू नका. कौतुकाच्या आशेने काम करायला लागलं की मूल पुन्हा सुरक्षित, ओळखीचं, टीव्हीसारखं करायला वळतं. हे मी फार वेळा बघितलंय.

कोणते चित्रपट, हा तुमचा दुसरा प्रश्न. ठरावीक यादीपेक्षा निवडायचं कसं ते सांगते. ज्यात बोलणं कमी आहे असे निवडा, कारण पात्राच्या मनात काय चाललंय हे मुलाला स्वतः जुळवावं लागतं. ‘फ्लो’मध्ये एक मांजर पुरात सापडतं, आणि पूर्ण चित्रपटात माणसाचा एक शब्द नाही. शिवाय तो ‘ब्लेंडर’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला आहे, आणि 2025 मध्ये त्याला ऑस्करही मिळालं. काही प्रसंगी लहान मुलांना भीती वाटू शकते, म्हणून पहिल्यांदा सोबत बसा. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 1988 चा ‘माय नेबर तोतोरो’ माझा लाडका आहे. त्यात खलनायकच नाही. पावसात बसथांब्यावर नुसतं उभं राहण्याचा लांब प्रसंग आहे आणि तो मुलं श्वास रोखून बघतात. गोष्ट पुढे नेण्यासाठी भांडण आणि मारामारी लागतेच असं नाही, हे अशा चित्रपटातून त्यांना कळतं.

वेगवेगळ्या साहित्यातून केलेलं काहीतरीही दाखवा. गुजरातेत जन्मलेले इशू पटेल यांनी कॅनडात 1977 मध्ये ‘बीड गेम’ नावाचा छोटा चित्रपट केला. त्यात फक्त मणी आहेत. मण्यांतून एक जीव होतो, त्याला दुसरा गिळतो, असं करत गोष्ट माणसाच्या युद्धांपर्यंत जाते. विषय गंभीर आहे, पण साडेसात वर्षांच्या मुलाला सोबत बसून दाखवता येतो. तो बघितल्यावर घरातला साबुदाणा सुरक्षित राहत नाही एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडचा ‘एक अनेक और एकता’ तुम्ही दूरदर्शनवर बघितला असेल, 1974 चा, फिल्म्स डिव्हिजनचा. त्यातली चित्रं किती थोड्या रेषांची आहेत ते मुलाला दाखवा. इतक्या साध्या चित्रांनीही गोष्ट सांगता येते हे बघितलं की ‘मला येत नाही’ची धार कमी होते. सगळं चकचकीत, त्रिमितीय बघून मुलांना चांगल्या चित्राचा तोच एक नमुना वाटायला लागतो, आणि त्यांच्या पेन्सिलीला तो कधीच गाठता येत नाही.

त्याची नेहमीची कार्टून यात बसत नसतील, तरी ती लगेच तोडू नका. मुलाच्या आवडीला कमी लेखलं की ते आपल्याशी त्याबद्दल बोलणं बंद करतं, आणि मग आपल्या हातात काहीच उरत नाही. त्याचं आवडतं कार्टूनही आवाज बंद करून बघता येतं. त्यातलं पात्रही चालून दाखवता येतं.

शेवटचा प्रश्न क्लासचा. या सुट्टीत लावू नका. या वयासाठीचे बरेच क्लास सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात आणि तयार पात्रं हलवायला देतात. आठ दिवसांत मूल घरी छान दिसणारा व्हिडिओ आणतं, पण त्यात त्याने ठरवलेलं फार थोडं असतं. लावायचाच असेल, तर आधी जाऊन बघा की मुलांच्या हातात माती, कागद, कात्री आहे का, आणि सगळ्या मुलांची कामं एकसारखी दिसतात का. एकसारखी दिसली तर परत या. सध्या त्याला शंभर पानी वही आणून द्या आणि कोपऱ्यात पानागणिक थोडा थोडा सरकणारा ठिपका काढायला सांगा. शेवटच्या पानापासून सुरुवात करून पुढे यावं, म्हणजे खालचं चित्र वरच्या पानातून दिसतं आणि पुढचं काढणं सोपं जातं. ही गोडी बारा-तेरा वर्षांपर्यंत टिकली, तर तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर टाकून द्या. शिकण्यासाठीचे व्हिडिओही फुकट आहेत. मुलगा राजमा किंवा शाडू घेऊन बसला आणि कुठे अडला, तर नेमकं काय होतंय ते लिहा, पुढचं सांगेन.